‘सावकारी पाश’ : एका अनुपलब्ध मूकपटाच्या अभ्यासाचा प्रश्न

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ नावाचा मूकपट काढला. त्याचे दिग्दर्शन बाबूराव पेंटर यांचे, कथा नारायण हरी आपटे यांची, आणि त्यातील तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची होती. भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगणाऱ्या ग्रंथांत या मूकपटाला ठरलेले मानाचे स्थान आहे. वास्तववादाची पहिली पायरी, सामाजिक चित्रपटाचा आरंभ, अशा विशेषणांनी त्याचा गौरव होतो. परंतु हा गौरव करणाऱ्या बहुतेकांनी तो मूकपट पाहिलेला नाही, आणि आज कोणास तो पाहावयाचा म्हटला तरी ते शक्य नाही. त्याची प्रत उपलब्ध नाही. न पाहिलेल्या कृतीविषयी इतके निश्चित मत कसे रूढ झाले, त्या मताला आधार कोणता, आणि त्या आधाराचे वजन किती, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

प्रथम कथेचा सांगाडा पाहू. एक लोभी सावकार खोटा दस्तऐवज करून एका गरीब शेतकऱ्याची जमीन बळकावतो. जमिनीस मुकलेला शेतकरी गाव सोडून शहरात येतो आणि गिरणीत मजूर होतो. एवढेच कथानक सर्वत्र सांगितले जाते. येथे एक नामसादृश्य अभ्यासकांना नेहमी चकवते, म्हणून त्याचा उलगडा करणे अवश्य आहे. कथाकार नारायण हरी आपटे हे ‘पण लक्षांत कोण घेतो’च्या हरि नारायण आपट्यांहून वेगळे. महाराष्ट्र फिल्म कंपनीशी दोघांचाही संबंध येतो, त्यामुळे घोटाळा अधिकच होतो. १९२३ चा ‘सिंहगड’ हरिभाऊंच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला, तर ‘सावकारी पाश’ची कथा नारायणरावांची. शांताराम यांनी १९३७ मध्ये काढलेल्या ‘कुंकू’चे मूळ ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरीदेखील नारायणरावांचीच. शेतकऱ्याची भूमिका करणारा नट आणि त्या शेतकऱ्याची कथा लिहिणारा लेखक बारा वर्षांनी ‘कुंकू’च्या निमित्ताने पुन्हा एकत्र आले, ही गोष्ट ‘सावकारी पाश’च्या प्रभावाविषयी बोलताना सहसा कोणी लक्षात घेत नाही.

मूकपट नष्ट होण्याची कारणे सर्वसाधारण आहेत. ती थोडक्यात सांगितली तरी पुरे. त्या काळची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. ती अत्यंत ज्वालाग्राही, शिवाय दमट हवेत कुजणारी. प्रती थोड्या काढल्या जात आणि त्या गावोगावच्या यंत्रांवर झिजेपर्यंत फिरत. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला व बोलपटाचे युग सुरू झाले, तेव्हा मूकपटाच्या डब्यांना बाजारात किंमत उरली नाही. उरली ती फितीवरील चांदीला. महाराष्ट्र फिल्म कंपनीही त्याच सुमारास मोडली. तत्पूर्वी १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे तिचे कर्ते लोक बाहेर पडून त्यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’ची स्थापना केली होती. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, म्हणजे मूकपटाचे युग संपून तीन तपे होत आली तेव्हा. भारतात तयार झालेल्या तेराशेंहून अधिक मूकपटांपैकी जे काही पूर्ण वा त्रुटित स्वरूपात हाती राहिले, त्यांची संख्या काही डझनांपलीकडे जात नाही. जे राहिले त्यांपैकी काहींचे दैवही परदेशी. ‘सावकारी पाश’च्याच वर्षी निघालेला हिमांशु राय यांचा ‘प्रेम संन्यास’ जर्मन कंपनीच्या भागीदारीतील असल्यामुळे युरोपात टिकला. त्यांचाच १९२९ चा ‘प्रपंच पाश’ही उपलब्ध आहे. नावात पाश असलेल्या या दोन मूकपटांपैकी राजवाड्यांचा आणि द्यूताचा तेवढा उरला, शेतकऱ्याचा गेला.

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयाचे. ‘सावकारी पाश’विषयी बोलताना एक चित्र हटकून पुढे केले जाते : अंधुक प्रकाशात, दुरून दिसणारी एक उदास झोपडी आणि कुत्र्याचे रडणे. बाबूरावांच्या वास्तवदृष्टीचा पुरावा म्हणून हे दृश्य लेखामागून लेखात येते. कित्येकदा ते १९२५ च्या मूकपटाच्या नावावरच जमा झालेले असते. या चित्राचा उगम शोधीत गेल्यास आपण चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या एका आठवणीपाशी पोहोचतो. ती आठवण नीट वाचली तर वाडिया काय म्हणतात? मूक ‘सावकारी पाश’ आपणास पुसटसा आठवतो. बाबूराव किती थोर कलावंत आहेत हे आपल्या ध्यानात आले ते मात्र त्याची बोलती आवृत्ती पाहिल्यावर. आणि त्या झोपडीच्या दृश्याने आपण आजही भारावून जातो. म्हणजे ती झोपडी १९३६ च्या बोलपटातील आहे. शालिनी सिनेटोनसाठी बाबूरावांनीच त्या वर्षी तीच कथा पुन्हा चित्रित केली होती.

वास्तविक वाडियांचा क्रम लक्षात घेतला नाही तरी कुत्र्याच्या रडण्यानेच संशय यावयास हवा होता. मूकपटाला आवाज नव्हता. पडद्याशेजारी पेटी-तबला वाजे आणि प्रसंगी पडद्यामागून आवाजही काढले जात, हे खरे. म्हणून मूकपटात कुत्रे रडूच शकत नाही असे म्हणणे अतिरेकाचे होईल. परंतु तसा आवाज थिएटरच्या मालकाचा, त्या रात्रीचा. तो दिग्दर्शकाच्या रचनेचा भाग नव्हे. वाडियांच्या आठवणीतील दृश्याचे सामर्थ्य नेमके यात आहे की, चित्र जवळजवळ रिकामे आहे, अंधारात एकच आकार आहे, आणि जे सांगावयाचे ते आवाज सांगतो. ही बोलपटाची रीत झाली. मूकपटाच्या गौरवासाठी जे दृश्य सर्वाधिक वापरले गेले, ते मूकपटाच्या साधनांनी घडणारे दृश्यच नव्हे.

हा प्रमाद केवळ सनावळीचा असता तर त्यावर इतका खल करण्याचे कारण नव्हते. परंतु १९२५ आणि १९३६ या दोन वर्षांच्या दरम्यान चित्रपट बदलला, बाबूराव बदलले आणि शेतकऱ्याचे कर्जही बदलले. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. जे कर्ज पूर्वी चार पोत्यांत फिटे, त्याला कितीतरी अधिक धान्य लागू लागले. शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न तोपर्यंत राजकीय सभांतून गाजू लागला होता आणि १९३९ मध्ये मुंबई प्रांताने शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा संमत केला. १९३६ च्या प्रेक्षकाला ‘सावकारी पाश’ हे नाव चालू घडीचे वाटले असणार. १९२५ मध्ये हाच विषय पडद्यावर आणणाऱ्याच्या पाठीशी असे वातावरण नव्हते. म्हणून दुसऱ्या चित्रपटाचे तेज पहिल्याला देण्याने पहिल्याचा सन्मान होतो असे वाटले तरी त्याचे स्वतःचे धाडस त्यात झाकले जाते.

मग १९२५ च्या मूकपटाविषयी निश्चितपणे काय म्हणता येते? येथे कथेच्या सांगाड्याकडेच पुन्हा यावे लागते, आणि त्यातील एका वस्तूकडे. ती वस्तू म्हणजे खोटा कागद.

कर्जाचे खत ही वस्तू मराठी मनात जुनी आहे. तुकारामांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, ही कथा महाराष्ट्रातील मुलालाही ठाऊक असते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावागावांत पसरला, तेव्हा रयतेने सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या दप्तरावर हात टाकला. खते व रोखे हिसकावून जाळणे हेच त्या दंग्याचे प्रधान लक्षण होते. दंग्याच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झालेल्या या कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याची मुभा दिली, आणि शेतकऱ्याने करावयाचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावा अशी तरतूद केली. निरक्षर माणसाचा अंगठा कशाखाली उमटतो आहे, याची हमी कोणी घ्यावयाची, हा त्या कायद्यामागील प्रश्न होता. चारच वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्यातही कागद लिहिणारा आणि कागद वाचता न येणारा यांच्यातील वैर पानोपानी आहे.

याचा अर्थ असा की, १९२५ मध्ये पडद्यावर आलेला खोटा दस्तऐवज नाटकातून उचललेली युक्ती वाटली तरी तिच्यामागे पन्नास वर्षांचा प्रत्यक्ष इतिहास उभा होता. आणि तरीही ती नाट्ययुक्ती होतीच. कारण खरी गोष्ट अशी की, सावकाराला जमीन मिळविण्यासाठी खोटेपणा करण्याची गरज बहुधा पडत नसे. खरा रोखा, चक्रवाढ व्याज, आणि कुळ हजर नसताना मिळालेला एकतर्फी हुकूमनामा एवढ्याने काम भागे. खोट्या कागदाचे कथानक रचल्याने सावकार गुन्हेगार ठरतो, शेतकरी निर्दोष ठरतो, आणि न्यायालय फसविले गेले असे ठरते. अन्यायाला एक चेहरा मिळतो. मेलोड्रामा, म्हणजे ज्याला आपण अतिनाट्य म्हणतो, त्याचे कार्य नेमके हेच : जे दुःख व्यवस्थेतून येते त्याला माणसाचे नाव देणे, म्हणजे ते दिसू शकते आणि त्याच्यावर संतापता येते.

या दोन प्रवृत्तींमधील ओढाताण चित्रपटाच्या नावातच उमटली आहे. मराठी नाव ‘सावकारी पाश’. इंग्रजी जाहिरातीसाठी वापरले गेलेले नाव मात्र ‘द इंडियन शायलॉक’. मराठी नावात माणूस नाही. त्यात सावकारी आहे, सावकार नाही. आणि पाश आहे, म्हणजे ज्यात कोणीही सापडेल अशी रचना आहे. इंग्रजी नाव सगळे लक्ष एका खलपुरुषाकडे वळविते. शिवाय ती तुलना आतून पोखरलेली आहे. शेक्सपिअरच्या नाटकात शायलॉकचा रोखा खरा असतो, आणि कायद्याच्या शब्दांतली फट शोधून ऋणकोची सुटका होते. आपट्यांच्या कथेत रोखा खोटा आहे, आणि कायदा तो खरा मानून ऋणकोला देशोधडीला लावतो. व्हेनिसच्या न्यायालयात जे घडले त्याच्या हे नेमके उलट आहे. इंग्रजी नाव ठेवणाऱ्याने एवढा विचार केला नसेल; ओळखीचे नाव ग्राहक खेचते, एवढाच त्यात हिशेब असावा.

मूकपट या माध्यमाशी कागदाचे नाते आणखी एका प्रकारे जुळते. मूकपटात संवाद व निवेदन पडद्यावरील मजकुराच्या पाट्यांतून येई. बहुसंख्य प्रेक्षकांना त्या पाट्या वाचता येत नसत. शेजारचा कोणी साक्षर मोठ्याने वाची आणि त्याच्या भरवशावर बाकीचे चित्रपट समजून घेत. लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या तोंडून ऐकून त्यावर विश्वास ठेवावयाचा, ही स्थिती पडद्यावरील शेतकऱ्याची आणि पिटातील प्रेक्षकाची सारखीच होती. खोट्या दस्तऐवजाची कथा असल्या प्रेक्षकासमोर मांडली जाते तेव्हा ती काय अर्थ धारण करते, याचा विचार बोलपट पाहणाऱ्याला सुचणे कठीण. हे वैशिष्ट्य फक्त १९२५ च्या कृतीचे आहे आणि ते प्रत हरवली तरी हरवत नाही.

वास्तववादाचा दावा तपासताना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. जमीन गमावून शहरात आलेला शेतकरी म्हटला की आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर १९५३ चा ‘दो बिघा जमीन’ उभा राहतो, आणि त्यामागे युद्धोत्तर इटलीचा चित्रपट. बिमल रॉय यांचा शंभू कलकत्त्यास रिक्षा ओढतो. आपट्यांचा शेतकरी गिरणीत जातो. साम्य उघड आहे. पण त्यामुळे आपण नकळत मागाहून आलेल्या कृतीच्या रस्त्यावरचे ऊन, गर्दी आणि घाम आधीच्या कृतीत पाहू लागतो. महाराष्ट्र फिल्म कंपनीची जडणघडण वेगळी होती. बाबूराव हे मूळचे चित्रकार. चुलतबंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले होते. १९१६ मध्ये आनंदराव वारल्यावर त्यांनी स्वतःच कॅमेरा बनवून घेतला. रंगविलेल्या पडद्यांऐवजी त्यांनी घनाकार, राबते वाटावे असे नेपथ्य आणले, आणि ‘सिंहगड’साठी कृत्रिम प्रकाश वापरला. त्यांचे वास्तव हे रस्त्यावर जाऊन टिपलेले वास्तव नव्हे. ते चित्रकाराने जुळवून उभे केलेले वास्तव होते. छायेतून प्रकाशाकडे, बारीकसारीक वस्तूंतून वातावरणाकडे जाणारी ती दृष्टी होती. त्यांच्या १९२७ च्या ‘मुरलीवाला’ या मूकपटाचा जो भाग शिल्लक आहे, तो विषयाने पौराणिक असला तरी या दृष्टीचा पडताळा घेण्यास उपयोगी पडतो. ‘सावकारी पाश’मधील झोपडीची कल्पना करावयाचीच असेल तर ती इटलीच्या रस्त्यावरून न करता कोल्हापूरच्या कलाशाळेतून करावी, हे अधिक सुरक्षित.

चित्रपट चालला नाही, असेही परंपरेने सांगितले जाते, आणि त्याचे कारण म्हणून पौराणिक व ऐतिहासिक चमत्कारांना सोकावलेल्या प्रेक्षकाकडे बोट दाखविले जाते. हे स्पष्टीकरण सहजासहजी पटण्यासारखे नाही. १९२६ मध्ये ‘टायपिस्ट गर्ल’ आणि १९२७ मध्ये ‘गुणसुंदरी’ हे चंदुलाल शहा यांचे सामाजिक मूकपट चांगले चालले. म्हणजे प्रेक्षकाला समकालीन विषय वर्ज्य नव्हता. वर्ज्य असलाच तर कर्जाचा विषय असेल. शहा यांच्या चित्रपटांतला प्रश्न घरातला होता; नोकरी करणारी तरुणी किंवा बाहेरख्याली पतीला घरी वळविणारी पत्नी यांची कथा प्रेक्षकाला आपल्या घराशी लावून पाहता येई, आणि शेवटी घर सावरे. ‘सावकारी पाश’मध्ये जे मोडते ते घर नव्हे, जमीन, आणि तिच्या जागी येते ती गिरणी. १९२५ च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत मुंबईच्या गिरणी कामगारांचा वेतनकपातीविरुद्ध मोठा संप झाला, हेही विसरता येत नाही. गिरणी ही त्या वर्षी आश्रयाची जागा म्हणून दाखविण्याजोगी नव्हती. पौराणिक कथेला चटावलेला प्रेक्षक, हे उत्तर सोपे म्हणून रूढ झाले असावे.

या सर्वांचा परिणाम बाबूरावांवर झाला तो त्यांच्या पुढील कृतींत दिसतो. ते पौराणिक व वेषभूषाप्रधान विषयांकडे परतले. ग्रामीण कर्जाचा विषय त्यांनी पुन्हा हाती घेतला तो अकरा वर्षांनी, बोलपटाच्या रूपात, आणि त्यासाठी नवी कथा न शोधता जुनीच घेतली. नट मात्र नवे होते. चंद्रकांत मांडरे यांचे पडद्यावरील पदार्पण याच बोलपटातून झाले. त्याच १९३६ मध्ये, महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या दामले-फत्तेलाल यांनी पुण्यात ‘संत तुकाराम’ पूर्ण केला. खते बुडविणाऱ्या संताची कथा आणि खताने बुडालेल्या कुळाची कथा एकाच वर्षी पडद्यावर आल्या, आणि त्या दोन्हींचे कर्ते कोल्हापूरच्या एकाच कंपनीत शिकलेले होते. ‘संत तुकाराम’ला १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात मान्यता मिळाली आणि त्याची प्रत राहिली. बाबूरावांच्या पदरी दोन्हींपैकी काहीच नव्हते.

बाबूराव आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवीत, आणि चित्रपटाची माहिती व छायाचित्रे असलेल्या पुस्तिका छापून प्रेक्षकांत वाटण्याची पद्धत त्यांनी १९२० नंतरच्या पहिल्या वर्षांतच सुरू केली होती. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक उपलब्ध आहे, आणि त्यावरून त्या मूकपटाविषयी बरेच काही सांगता येते. अनुपलब्ध मूकपटाचा अभ्यास करणाऱ्याचे खरे दप्तर हेच : भित्तिपत्रके, पुस्तिका, १९२० पासून मुंबईस काम करणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाच्या नोंदी, आणि त्या त्या गावच्या वृत्तपत्रांतील जाहिराती. आठवणींचा क्रम यांच्या मागाहून येतो. आणि आठवण वापरावयाची झाली तर ती १९२५ च्या चित्रपटाची की १९३६ च्या, हे प्रत्येक वेळी सनासह नोंदविले पाहिजे. वाडियांनी स्वतः ते नोंदविले होते. त्यांना उद्धृत करणाऱ्यांनी ते गाळले.